पान सत्तेचाळीस, मागची बाजू

सुनेच्या वाट्याला सासू येते यात नवल काहीच नाही, पण धाकट्या बाईंच्या वाट्याला ती कार्डावर लिहून आली. कोशाच्या कचेरीत दर सोमवारी मुख्य संपादक पुढच्या नोंदींचे गठ्ठे वाटायचे. अक्षरांच्या क्रमाने, कुणाची आवडनिवड न विचारता. त्या सोमवारी धाकटीच्या टेबलावर गठ्ठा पडला आणि त्यातल्या वरच्याच कार्डावर होतं: '*स्वेक्री. स्त्रीलिंगी नाम. नवऱ्याची आई.' सगळी खोली खदाखदा हसली.

"जपून हं," संपादक म्हणाले. "ही नोंद चुकली तर घरी जेवायला मिळायचं नाही."

हसण्याला कारण होतं. धाकटीची खरीखुरी सासू याच कचेरीत चौतीस वर्षं घालवून निवृत्त झाली होती. ती थोरल्या बाई, म्हणून ही धाकट्या बाई. थोरल्या बाईंना पाठीमागे ताम्रपट म्हणायचे, कारण त्यांनी एकदा लिहिलं की ते कायमचं. नाकावर माशी बसू न देणारी बाई. कुणी अर्धवट काम करून आणलं तर त्या ओरडायच्या नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघायच्या, आणि समोरचा माणूस आपण होऊन काम परत घेऊन जायचा. त्यांनी कचेरी सोडून चौदा वर्षं झाली तरी जिन्यात त्यांच्यासारखी पावलं वाजली की जुनी मंडळी अजून चहाचा कप खाली ठेवायची.

कोश होता आदिस्लाव भाषेचा. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या सगळ्या भाषा जिच्या पोटातून निघाल्या ती भाषा. तिच्यात कुणी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. लेकी काय बोलतात ते ऐकायचं आणि त्यावरून आई काय बोलत असेल ते ठरवायचं, असा सगळा प्रकार. धाकटीचा नवरा याला सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणायचा. तो दातांचा डॉक्टर होता, त्याला दिसेल तेवढंच खरं. पण कचेरीतल्या लोकांना आपल्या स्वर्गाची पक्की जाणीव होती, म्हणून असा अंदाजाने उभा केलेला शब्द आला की ते त्याच्या डोक्याशी एक छोटी चांदणी काढायचे. चांदणी म्हणजे कबुली: हा शब्द कुणी लिहिलेला आम्ही पाहिला नाही, तो असा असणार असं आम्हाला वाटतं. चांदणी नसलेल्या, म्हणजे लेकींच्या जुन्या पोथ्यांत जसाच्या तसा सापडलेल्या शब्दापुढे मात्र पुरावा हवाच. कुठलं हस्तलिखित, कितवं पान, पुढची बाजू की मागची.

आणि शब्द तरी काय सुरेख! धाकटी पहिले दोन दिवस त्यात रमूनच गेली. 'स्वेक्री'तला शेवटचा स्वर आपल्याकडे नाहीच, ई आणि ऊ यांच्या मधे कुठेतरी घुटमळणारा. पण त्याच्याही आधी तिथे चांगला दीर्घ ऊ होता, संस्कृतातल्या 'श्वश्रू'मधला. म्हणजे आपल्या सासूची ही लांबची बहीणच. विभक्ती लागली की तो ऊ मोडतो आणि त्यातून एक 'व' बाहेर पडतो: स्वेक्री, पण तिचं ते 'स्वेक्रुवे'. आपली सासू नाही का, एक असली तर सासू आणि दोन झाल्या की सासवा. त्यात त्या मधल्या 'क'चं वेगळंच भांडण. नियमाने तिथे 'स' यायला हवा होता, तो का आला नाही यावर विद्वानांच्या कितीतरी पिढ्या एकमेकांवर रुसलेल्या. वर गंमत अशी की एका लेकीच्या भाषेतल्या अगदी जुन्या धर्मग्रंथाच्या भाषांतरात हा शब्द सापडतो तोही 'सासू सुनेविरुद्ध आणि सून सासूविरुद्ध उभी राहील' या वाक्यात. हे वाचून धाकटी एकटीच हसली.

बुधवारी ती षष्ठीच्या कार्डापाशी आली. थोरल्या बाईंचं ते बारीक, सरळ, एकही शेपूट वाकडं नसलेलं अक्षर. 'स्वेक्रुवे' हे रूप एका मठातल्या प्रार्थनापोथीत आढळतं, पान सत्तेचाळीस, मागची बाजू. खाली तारीख, एकतीस वर्षांपूर्वीची. त्याखाली 'तपासले' असा शिक्का तीनदा, तीन वेगवेगळ्या सह्यांनिशी. आता चौथा शिक्का धाकटीने मारायचा, शुक्रवारी गठ्ठा छापखान्यात जायचा. पूर्वी अशी पोथी बघायची म्हणजे तळघरातून फिल्मचं रीळ आणून यंत्राचं हँडल फिरवत बसावं लागे. आता सगळी पानं संगणकावर होती. तिने सहज, हात रिकामा होता म्हणून, पान सत्तेचाळीस उघडलं.

शब्द तिथे नव्हता.

तिने पुढची बाजू बघितली. मग सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. सदतीस बघितलं, कारण हात घसरला तर तीनाचा चार होतो. चौऱ्याहत्तर बघितलं, कारण आकडे उलटेही पडतात. शेवटी पोथी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकशे बारा पानं, बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ. अख्ख्या पोथीत देव होता, देवदूत होते, पापी भरपूर होते, सासू कुठेच नव्हती.

शब्दाचं काही बिघडत नव्हतं, हे तिला कळत होतं. एवढ्या भाषा एका सुरात सांगत होत्या की ते रूप तसंच असणार. पुरावा गेला तर डोक्याशी एक चांदणी येईल, बास. बिघडणार होतं ते दुसरंच. कचेरीचे दोन नियम होते आणि ते तिथल्या भिंतींइतके जाड होते. एक, लिहिणाऱ्याने स्वतःचं कार्ड स्वतः दुरुस्त करायचं नाही, चूक दुसऱ्यानेच शोधायची. दोन, एखाद्याच्या हातचा एक पुरावा जरी खोटा निघाला तरी त्या हातची सगळी कार्डं पहिल्यापासून तपासायची, आणि तोवर त्याचं नाव पुस्तकावर घालायचं नाही. थोरल्या बाईंची कार्डं चार हजारांच्या वर होती. या खंडाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव जाणार होतं, एकटीचं, मोठ्या अक्षरात. वय वर्षं शहात्तर. पुढचा खंड निघेपर्यंत कुणी सांगावं?

ती संपादकांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि कार्ड पुढे ठेवलं. संपादकांनी ते बघितलं, मग शिक्के बघितले, आणि तिसऱ्या सहीपाशी त्यांचे कान लाल झाले. ती सही त्यांची होती.

"तुम्ही पान उघडलं होतंत?" धाकटीने विचारलं.

"अहो, बाईंचं कार्ड होतं ते," संपादक म्हणाले. जणू प्रश्न सूर्य खरंच उगवला का असा होता. मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "हे बघा. तुम्हाला शिक्का मारायचाय की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काही ऐकलं नाही. पण चार हजार कार्डं म्हणजे दीड वर्ष. आणि बाईंना हे सांगणार कोण? मी तर नाही सांगणार."

धाकटीने नवऱ्याच्या दवाखान्यात फोन केला. त्याने खुर्चीतल्या पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून सगळं ऐकून घेतलं.

"दुखतंय का कुणाला?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"एकतीस वर्षं कुणाला दुखलं नाही ना? मग कशाला उकरतेस? मार शिक्का. आईला हे कळलं ना, तर ती खचेल गं. तिच्याकडे दुसरं आहे काय?"

हेच तर धाकटीच्या मनात होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला ते आवडलं नाही. दहा वर्षं ती त्या बाईंबरोबर एका घरात राहत होती. सासूने छळ वगैरे केला नव्हता, उलट घर चोख सांभाळलं होतं. पण कचेरीतल्या कामाबद्दल दहा वर्षांत अवाक्षर नाही. कुठल्या अक्षरापाशी आलात एवढंच विचारायच्या, आणि उत्तर मिळालं की वर्तमानपत्रात डोकं. धाकटीने त्याचा अर्थ लावून टाकला होता: आपलं काम बघण्याच्या लायकीचं त्यांना वाटत नाही. आणि आता अशा सुनेने जाऊन सांगायचं की तुमचं चुकलंय. त्यापेक्षा शिक्का मारणं सोपं होतं. तिने तो उचललाही, शाईत दाबलाही. पण तिने पान खरंच तपासलेलं होतं, आणि आता त्या कार्डावर 'तपासले' असं उमटवणं तिला काही जमेना. तिने शिक्का पुसून ठेवला, कार्ड पिशवीत घातलं आणि डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी निघाली. डोकं खरंच दुखत होतं.

थोरल्या बाई स्वयंपाकघरातल्या जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत होत्या. दर गुरुवारी घरातले सगळे बूट त्या स्वतः करायच्या, कारण बाकीच्यांना टाचेकडचा भाग दिसतच नाही असं त्यांचं मत होतं.

"लवकर आलीस?"

"आई, थोडं बोलायचं होतं."

"बोल की. त्याच्याशी भांडलीस?"

"नाही. कामाचं आहे." धाकटीने उभ्याउभ्याच कार्ड पुढे धरलं. बसली असती तर धीर गेला असता. "हे तुमचं कार्ड आहे. स्वेक्रीचं. पान सत्तेचाळीस, मागची बाजू. मी पान उघडलं, आई. तिथे शब्द नाहीये. मी सगळी पोथी वाचली. कुठेच नाहीये."

थोरल्या बाईंच्या एका हातात मुलाचा बूट होता, दुसऱ्या हातात ब्रश. ब्रश थांबला. त्यांनी चष्म्यावरून सुनेकडे बघितलं, तेच ते बघणं. आपण घर मोडलं, असं धाकटीला अगदी स्पष्ट वाटलं.

"सगळी पोथी?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"हो."

"एकशे बारा पानं?"

"हो, आई."

थोरल्या बाईंनी बूट खाली ठेवला, ब्रश त्याच्या शेजारी ठेवला, आणि दोन्ही काळे तळवे मांडीवर ठेवून त्या रडायला लागल्या. आवाज न करता, पण चांगल्या भरभरून. धाकटी घाबरून खाली बसली.

"आई, नका ना. मी कुणाला सांगत नाही. मारते मी शिक्का."

"खबरदार!" थोरल्या बाई म्हणाल्या. नाक पुसायला गेल्या आणि नाकाला पॉलिश लागलं. "खबरदार शिक्का मारलास तर. एकोणतीस वर्षं मी या दिवसाची वाट बघतेय."

मग त्यांनी सांगितलं. कार्ड लिहिलं त्या हिवाळ्यात धाकटीचे सासरे दवाखान्यात होते, सोळा दिवस. जगतात की नाही अशी अवस्था. थोरल्या बाई बाहेरच्या बाकावर बसून कार्डं लिहायच्या, कारण नुसतं बसलं तर वेड लागलं असतं. पुस्तकं जवळ नव्हती, सगळं आठवणीवर. आठवण दांडगी होती, पण हे एक पान त्यांनी दुसऱ्याच कुठल्या शब्दाचं आठवलं. सासरे वाचले, पुढे नऊ वर्षं जगले, आणि त्या आनंदात कार्ड खणात गेलं. दोन वर्षांनी काहीतरी दुसरं शोधताना पान सत्तेचाळीस समोर आलं आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"आपलं कार्ड आपण दुरुस्त करायचं नाही. नियम कुणी केला माहितीये? मी. एक विद्वान होते, नवीन सिद्धान्त सुचला की जुनी कार्डं गुपचूप फिरवायचे. त्यांच्यासाठी केला, आणि अडकले मीच. म्हटलं, ठीक आहे, तपासणारा शोधेल. पहिल्याने शिक्का मारला. मी विचारलं, पान उघडलंस? म्हणाला, हो बाई. डोळ्यात डोळे घालून म्हणाला, हो बाई! दुसऱ्याला तर मी तीनदा विचारलं. तो म्हणाला, बाई, तुमच्याकडून हेच शिकलो आम्ही, काटेकोरपणा."

धाकटीला हसू यायला लागलं होतं. ते आवरायचा प्रयत्न तिने केला.

"तिसरा तुझा संपादक. तेव्हा पोरगेला होता. त्याला मी सरळच सांगितलं, अरे, हे चुकलंय. तो हसला. म्हणाला, परीक्षा घेता का बाई आमची?"

"मग लेखी द्यायचं होतं."

"दिलं की! निवृत्तीच्या आधी रीतसर पत्र दिलं. माझ्या कामात चूक असू शकते, कृपया माझी सर्व कार्डं तपासावीत." थोरल्या बाईंनी एक श्वास घेतला. "निरोपसमारंभात वाचून दाखवलं. विनयाचा नमुना म्हणून. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

आता मात्र धाकटीला राहवलं नाही. ती हसली, आणि नाकाला काळं लागलेल्या थोरल्या बाईही हसल्या. दोघी वर्तमानपत्रावर बुटांच्या मधे बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. धाकटीचा जीव असा भांड्यात पडला की तिला उठवेना.

"मला सांगायचं होतंत," ती शेवटी म्हणाली. "मी बघितलं असतं पान."

"तू माझं ऐकून बघितलं असतंस. मला कुणीतरी आपण होऊन उघडायला हवं होतं." "मी लोकांना फार घाबरवलं गं. वाटायचं, धाक असला की काम चोख होतं. काम होतं, पण माझ्याच कामाकडे बघायला कुणी उरलं नाही. चूक एक, पण तिच्यामुळे बाकीची चार हजार खरी की खोटी, मलाच कळेनासं झालं. रात्री आडवं पडलं की एकेक कार्ड आठवायचं, हे तरी कुणी बघितलं असेल का."

"आता सगळी तपासावी लागतील, आई. नाव नाही जायचं या खंडावर."

"नाही तर नाही! तपासा. एकूण एक तपासा." हे त्या अशा आनंदाने म्हणाल्या की दुसऱ्या कुणाला पक्वान्नाचं ताट समोर आलंय असं वाटलं असतं. "पण दुरुस्तीच्या चिठ्ठीवर मूळ लिहिणाऱ्याची 'मान्य' अशी सही लागते. उद्या येते मी."

शुक्रवारी त्या आल्या. जिन्यात पावलं वाजली आणि या वेळी ती खरंच त्यांची होती. खोलीतले झाडून सगळे उभे राहिले. संपादकांच्या चेहऱ्याचा रंग तर बघण्यासारखा झाला होता. धाकटीने कार्डाला हिरवी चिठ्ठी टाचली: 'पान ४७, मागील बाजू: शब्द आढळत नाही. पुरावा रद्द. रूपास चांदणी द्यावी.' थोरल्या बाईंनी ती दोनदा वाचली, 'आढळत नाही' याखाली बोट फिरवून बघितलं, आणि 'मान्य' असं लिहिलं. त्या सरळ अक्षराला पहिल्यांदाच एक वाकडं शेपूट फुटलं.

"बाई, मी..." संपादक पुढे झाले. "तेव्हा मी पान उघडायला हवं होतं."

"हवं होतं," थोरल्या बाई म्हणाल्या. "आणि तुला ते उघडायचा धीर होईल असं मी वागायला हवं होतं. दोघांचं चुकलं. आता बसा सगळे. मी आले म्हणून उभं राहायचं नाही. चार हजार कार्डं आहेत, उभ्याने कशी व्हायची?"

लोक चाचरत बसले. कुणीतरी खण ओढला. पहिलं कार्ड निघालं, पहिलं पान उघडलं गेलं आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "हे बरोबर आहे, बाई." थोरल्या बाईंनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. पंधरावीस कार्डं होईपर्यंत त्या तिथेच, भिंतीजवळच्या खुर्चीत, 'बरोबर आहे, बरोबर आहे' ऐकत बसून राहिल्या.

घरी जाताना बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. दोन थांबे गेले. मग थोरल्या बाई म्हणाल्या, "तुझी कार्डं कोण तपासतं गं?"

"संपादक."

"पानं उघडतो?"

दहा वर्षांत धाकटीचं एकही कार्ड परत आलं नव्हतं. एकही. याचा तिला आतून केवढा अभिमान होता. आता तिला संपादकांचे लाल झालेले कान आठवले. थोरल्या बाईंची सून. तिच्या कामात चूक काढायची कुणाची छाती होणार होती? दहा वर्षांचे शिक्के तिच्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्यातला एकही खरा आहे असं तिला छातीठोकपणे म्हणता येईना.

"नसेल उघडत," ती म्हणाली.

"मी कधी विचारलं नाही तुला," थोरल्या बाई म्हणाल्या. "भीती वाटायची. मी एक शब्द बोलले तर तूही इतरांसारखी होशील, मला बघून लिहायला लागशील. म्हणून तोंडाला कुलूप लावून बसले. उगाच बसले." त्यांनी आपली पर्स मांडीवर नीट केली. "सोमवारी तुझ्या नोंदी घेऊन ये घरी. पहिल्यापासूनच्या. मी उघडते पानं."

"आई, हजारच्या वर आहेत."

"असू देत. मला आता काम काय आहे?"

धाकटीने मान हलवली. तिने सासूचा हात धरला, नखांत कालचं पॉलिश अजून अडकलेला, आणि उतरायचा थांबा येईपर्यंत सोडला नाही.